हात थांबवू की वाजवत राहू?

"थांबलो तर बोटं विसरतील आणि वाजवत राहिलो तर मनगट जाईल, मग मी करायचं काय?" मनगटाच्या दुखण्याने बेजार झालेले वादक समुपदेशनासाठी येतात, तेव्हा बहुतेकांचा प्रश्न थोड्याफार फरकाने हाच असतो. नाशिकमधल्या एका तरुण गिटारवादकाने तो माझ्यापुढे ज्या कळवळ्याने मांडला आणि त्यातून त्याने जो मार्ग काढला, त्याविषयी त्याच्या परवानगीने लिहीत आहे. त्याचे नाव बदलून येथे समीर ठेवले आहे आणि ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

समीर अंबडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात काम करतो, संध्याकाळी कॉलेज रोडला मुलांना गिटार शिकवतो आणि मित्रांच्या बँडमध्ये वाजवतो. डाव्या मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला होणारी दुखरी कळ महिनोन्‌महिने अंगावर काढून तो अखेर अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेला होता. त्यांनी 'डी क्वेर्वेन' या अंगठ्याच्या कंडरांच्या (टेंडनच्या) दुखण्याचे निदान करून औषध, काही काळ मनगटाला पट्टा आणि फिजिओथेरपी सांगितली होती. माझ्याकडे तो आला तो झोप उडाल्यामुळे. रात्री अंथरुणावर पडले की मनगटच डोळ्यांपुढे येते आणि आपले वादन संपले, असे वाटून छातीत धडधडते, असे तो म्हणाला.

बोलता बोलता तो एक गोष्ट करत होता, जी त्याच्या स्वतःच्या लक्षात आली नव्हती. डाव्या हाताचा अंगठा मुठीत घेऊन तो मनगट करंगळीच्या दिशेने झुकवत होता, कळ आली की चेहरा आक्रसत होता आणि दोन-चार वाक्यांनंतर पुन्हा तेच करत होता. ही डॉक्टरांनी केलेली तपासणी होती. दुखणे गेले की नाही, हे पाहण्यासाठी तो ती दिवसभर करत असे. कामाच्या टेबलावर, सिग्नलला थांबल्यावर, रात्री जाग आल्यावर. जी कंडरा शांत व्हायला हवी, तिलाच तो पुन्हा पुन्हा ताणत होता आणि प्रत्येक कळेबरोबर त्याची भीती खरी ठरत होती. मी त्याला ते दाखवले, तेव्हा तो बराच वेळ स्वतःच्या हाताकडे पाहत राहिला.

या दुखण्याची रचना समजली की भीतीचा एक मोठा भाग आपोआप खाली बसतो, असा माझा अनुभव आहे. बोटे हलवणारे बळकट स्नायू मुख्यतः कोपरापुढच्या हातात असतात आणि त्यांची ओढ कंडरांमार्फत, म्हणजे आपण ज्यांना टेंडन म्हणतो त्या दोऱ्यांमार्फत, मनगटावरून बोटांपर्यंत पोहोचते. अंगठ्याच्या दोन कंडरा मनगटापाशी एका अरुंद आवरणातून जातात. नेफा आकसला की नाडा अडकू लागतो, तसे हे आवरण जाड झाले की कंडरांची ये-जा घासत होऊ लागते. स्विस शल्यविशारद फ्रित्झ डी क्वेर्वेन यांनी १८९५ मध्ये याचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. कंडरांना रक्तपुरवठा स्नायूंच्या मानाने कमी असल्याने त्या सावकाश बऱ्या होतात. काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. समीर मात्र चार दिवस आराम करून पाचव्या दिवशी हात ठणठणीत झाला पाहिजे, अशा हिशेबाने चालला होता.

त्याचा आठवडा आम्ही कागदावर मांडला. दुखले की गिटार कपाटावर ठेवायची, जरा बरे वाटले की बुडालेल्या सरावाची भरपाई म्हणून सलग दोन-अडीच तास वाजवायचे, दुसऱ्या दिवशी हात उचलवेना झाला की पुन्हा सगळे बंद करायचे, असे हे चक्र होते. दीर्घकाळ दुखणे सोसणाऱ्या अनेकांमध्ये ते दिसते आणि वादकांमध्ये तर फारच, कारण सराव चुकवणे म्हणजे पाप, असे आपल्याकडे लहानपणापासून मनावर बिंबवलेले असते. त्याच कागदावर आणखी एक बाब उघड झाली. नाशिकरोडहून द्वारका, मुंबई नाका करत अंबडपर्यंत आणि संध्याकाळी कॉलेज रोडपर्यंत जाताना गर्दीत सतत दाबावा लागणारा मोटारसायकलचा क्लच डाव्याच हातात होता, आणि मोबाइलही तो डाव्याच अंगठ्याने चालवत होता. दोष एकट्या गिटारच्या माथी मारला जात होता.

वैद्यकीय उपचार ठरवणे हे समुपदेशकाचे काम नाही. त्यामुळे अर्धवट सोडलेली फिजिओथेरपी पुन्हा सुरू करणे हा पहिला निर्णय त्याने घेतला आणि या वेळी तो गिटार घेऊनच तिथे गेला. प्रत्येक वादकाने हे करावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण हात कसा दुखतो हे तोंडी सांगण्यापेक्षा वाजवून दाखवणे कितीतरी उपयोगाचे ठरते. एफ मेजरसारख्या बार कॉर्डसाठी, म्हणजे एकच बोट तारांवर आडवे दाबून वाजवायच्या सुरांच्या मेळासाठी, तो अंगठ्याने नेकला, म्हणजे गिटारच्या मानेला, मागून चिमटा घेत होता आणि मनगट तळव्याच्या दिशेने पार दुमडत होता. मनगट असे पूर्ण वाकवून मूठ आवळून पाहिली, तर पकड किती कमी होते हे कोणालाही कळेल. बोटांचे बळ घटते आणि मग ती उणीव माणूस अंगठ्याच्या जोरावर भरून काढतो. गिटारचा खांद्यावरचा पट्टा आखडून नेक थोडी वर घेतल्यावर त्याचे मनगट बरेच सरळ झाले. त्याने बारीक तारा बसवल्या आणि गिटार अर्धा स्वर खाली लावली, ज्यामुळे तारांचा ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो. काही गाण्यांसाठी कॅपो, म्हणजे नेकवर तारा दाबून धरणारा चिमटा, वापरून बार कॉर्ड टाळले. ऑफिसला जाण्यासाठी त्याने बहिणीची बिनगिअरची स्कूटर मागून घेतली.

आमच्या भेटींचा भर मात्र निर्णय कधी घ्यायचा यावर होता. वाजवायला बसल्यावर 'आता थांबू का' हे ठरवणे फार कठीण असते, कारण तेव्हा एकीकडे गाण्याची ओढ असते आणि दुसरीकडे कळेची धास्ती. म्हणून किती वाजवायचे हे गिटार हातात घेण्यापूर्वीच ठरवायचे आणि दुखो वा न दुखो, घड्याळ सांगेल तेव्हा थांबायचे, असे ठरले. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने सुरुवात दहा मिनिटांपासून झाली. मनगटाची चाचपणी दिवसातून एकदाच, सकाळी, आणि तीही मूठ न वळता. दुखणे शून्य ते दहापैकी किती, एवढे वहीत लिहायचे. आकडा आदल्या सकाळपेक्षा वाढला असेल तर काल जास्त झाले असे समजून थोडे कमी करायचे, पण शून्यावर यायचे नाही. चांगल्या दिवशी वेळ न वाढवणे त्याला सर्वांत जड गेले.

बोटे विसरतील, या भीतीला केवळ धीर देऊन उत्तर मिळत नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अल्वारो पास्क्वाल-लिओन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात पियानोवरील बोटांचा सराव काहींनी प्रत्यक्ष, तर काहींनी पाच दिवस फक्त मनात केला. मनात सराव करणाऱ्यांच्या मेंदूच्या हालचाल नियंत्रित करणाऱ्या भागातही प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांसारखेच बदल दिसले. समीर मग डोळे मिटून, कॉर्ड बदलताना कोणते बोट आधी उठते इथपर्यंत, गाणे मनात वाजवू लागला. ज्या गाण्यात मनातसुद्धा तो अडखळला, तेथे चूक हाताची नसून पाठांतर कच्चे आहे, हे त्याला प्रथमच जाणवले.

बँडमधल्या मित्रांपासून त्याने हे दुखणे लपवले होते, आपली जागा दुसऱ्याला देतील या भीतीने. "सांगितलं तर बिचारा म्हणतील, मॅडम," असे तो म्हणत असे. जागतिक वेदना-अभ्यास संघटनेने १९७९ मध्ये केलेल्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येत वेदना हा संवेदनेबरोबरच भावनेचाही अनुभव मानला आहे. लपवण्याचा ताण दुखणे वाढवतो, हे मी तेवढ्या एका व्याख्येवरून म्हणत नाही. वादकांच्या बाबतीत मी ते पुन्हा पुन्हा पाहिले आहे. त्याने सांगितल्यावर मित्रांनी कार्यक्रमातल्या गाण्यांचा क्रम बदलला, बार कॉर्डची गाणी एकापाठोपाठ येऊ दिली नाहीत आणि दोन गाणी दुसऱ्याने वाजवली.

ज्यांना अशीच काळजी वाटते, त्यांनी एक ध्यानात ठेवावे. बोटांना मुंग्या येणे वा बधिरता, वस्तू हातातून निसटणे, बोट वाकलेल्या स्थितीत अडकणे, सूज-लाली-ताप किंवा पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे असेल, तर समुपदेशनाआधी डॉक्टरांना गाठावे. केवळ वेदनाशामक गोळी घेऊन रंगमंचावर जाऊ नये, कारण गोळी कळ झाकते आणि हाताला आपली मर्यादा कळत नाही.

समीर आता विश्रांती घेत घेत रोज तासभर वाजवतो. लांबलेल्या तालमीनंतर मनगट अजूनही कुरकुरते आणि दुसऱ्या सकाळी वहीत तीनचा आकडा पडतो. पूर्वी तो आकडा पाहून त्याने गिटार कपाटावर ठेवली असती, आता त्या दिवशी तो पंधरा मिनिटे वाजवतो आणि झोपतोही.