कृषी अर्थशास्त्रात संशोधन असं काय करतात?

तुमची मुलगी बी.एस्सी. ॲग्रीनंतर कृषी अर्थशास्त्र घेणार म्हणतेय आणि ‘त्यात बाजारभावांपलीकडे काय असतं’, असं तुम्ही विचारलंय. मी याच विषयात एम.एस्सी. केलं. मला या विषयाची गोडी लागली ती अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या एका कामामुळे, तेच सांगतो.

दांडेकर सातारचे, संख्याशास्त्र शिकलेले, पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. नीलकंठ रथांबरोबरचा त्यांचा १९७१ चा दारिद्र्याचा अभ्यास गाजला. मला मात्र त्यांचं पीक विम्याचं काम जास्त मोलाचं वाटतं. १९७२ साली गुजरातेत कापसाचा विमा सुरू झाला, शेतकऱ्यागणिक नुकसान मोजून. तो इतर राज्यांतही गेला, पण १९७८ पर्यंत आले जेमतेम ३,११० शेतकरी. हप्ता जमला ४.५४ लाख, भरपाई गेली ३७.८८ लाख. शेतोशेती जाऊन नुकसान ठरवणार कोण आणि कसं? दांडेकरांनी १९७६ मध्ये मांडलं, की एकसारख्या टापूचं सरासरी उत्पादन मोजा. ते घसरलं तर तिथल्या सगळ्या विमाधारकांना एकाच दरानं भरपाई द्या. १९७९ ची प्रायोगिक योजना आणि १९८५ ची देशव्यापी योजना याच पायावर उभ्या राहिल्या.

आता हे शिवारात कसं दिसतं ते बघा. सोयाबीनच्या शेतात नैऋत्य कोपऱ्यापासून पावलं मोजत जायचं, खुंट्या ठोकून दोरीनं दहा बाय पाच मीटरचा तुकडा आखायचा, कापायचा, ताडपत्रीवर मळायचा आणि दाणे तोलायचे. हाच पीक कापणी प्रयोग. हेक्टर म्हणजे असे दोनशे तुकडे. मंडळातल्या, म्हणजे काही गावांच्या महसुली गटातल्या, अशा प्रयोगांची सरासरी तीन किलो आली, तर हेक्टरी सहा क्विंटल. उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली गेलं की भरपाई मिळते ते, दहा क्विंटल असेल, तर भरपाई विमा रकमेच्या ४० टक्के. सरासरी चार किलो आली की भरपाई थेट निम्मी, २० टक्के. काट्यावरच्या एका किलोवर हजारो घरांची भरपाई ठरते.

यातला सलणारा भाग असा, की मंडळ बरं पिकलं आणि एखाद्याच्याच शेतात पाणी साचलं, तर सरासरी त्याला बघत नाही. नंतर अशा नुकसानीसाठी वेगळ्या तरतुदी आल्या, पण टापू किती लहान धरावा यावर अजून पुष्कळ काम बाकी आहे. त्या कामाला तुमच्या मुलीसारखी माणसं हवीत.

यंदा काढणीच्या वेळी सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारून तिला एखादा पीक कापणी प्रयोग दाखवा. दोरी तिलाच धरू द्या.