वाचक विचारतात: स्पीडब्रेकर आपणच टाकावा का?

प्रश्न: आमच्या कॉलनीतला रस्ता सिग्नल चुकवायचा शॉर्टकट झालाय, परवा शेजारच्या आजींना बाईकने उडवलं, पाय मोडला त्यांचा. अर्ज करून दमलो. वर्गणी काढून आपणच सिमेंटचा ब्रेकर टाकू असं सगळे म्हणतायत, टाकावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: आजींचं वाचून फार वाईट वाटलं, तुमचा संताप अगदी रास्त आहे. पण ब्रेकर स्वतः टाकू नका हो, खरंच नको. तो हमखास उंच आणि टोकदार होतो, मग रात्री स्कूटरवरची बाई त्यावरच आपटते. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तिच्या मापात ब्रेकर 10 सेंटीमीटर उंच पण तब्बल 3.7 मीटर रुंद, गोलसर असतो, वर पांढरे पट्टे आणि अलीकडे पाटी, म्हणजे गाडी साधारण 25 च्या स्पीडने आरामात जाते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर गाडी चौपट अंतर घसरते, म्हणून 50 चं 25 झालं तरी जीव वाचतात.

आता सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज वॉर्ड ऑफिस आणि ट्रॅफिक पोलीस दोघांकडे द्या, अपघाताची तारीख, फोटो जोडून, आणि पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका. महिनाभर हलले नाहीत तर माहिती अधिकारात विचारा, अर्जाचं काय झालं.