माव्याच्या अंगातील जिवाणू आणि स्ट्रेप्टोसायक्लिनची फवारणी

करडईवरील मावा अंगातील जिवाणूंवाचून जगत नसेल, तर कपाशीच्या जिवाणूजन्य करप्यासाठी आणलेले स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक, म्हणजे जिवाणू मारणारे औषध, फवारून तो आटोक्यात येईल का, असे आपण विचारले आहे. जिवाणूंबद्दल आपण वाचले ते खरे आहे. फवारणी मात्र करू नये.

मावा जो अन्नरस शोषतो त्यात साखर भरपूर, पण अत्यावश्यक अमिनो आम्ले फारच थोडी असतात. ही उणीव बुक्नेरा हे जिवाणू भरून काढतात. त्यांच्यासाठी माव्याच्या शरीरात खास पेशी असतात आणि पिल्लू जन्मण्याआधीच आईकडून ते त्याच्यात उतरतात. त्यांच्याच बळावर इतक्या निकस रसावरही मादी नराशिवाय भराभर पिल्ले देत राहते, आणि पचनी न पडलेली साखर चिकट्याच्या रूपाने खालच्या पानांवर पडून त्यावर काळी बुरशी धरते.

प्रयोगशाळेत प्रतिजैविक देऊन हे जिवाणू मारले, तर मावा खुरटतो आणि त्याचे प्रजनन जवळजवळ थांबते. शेतात मात्र बहुतेक फवारा पानावरच राहतो, आणि मावा सोंड खुपसून आतला रस पितो. शिवाय याच गटातील औषधे माणसांना आणि जनावरांना द्यावी लागतात. ती शिवारभर उडवून रोगजंतूंना निर्ढावलेले करणे मला तरी मुळीच पटत नाही.

सोयाबीन घेणाऱ्यांनी तर जपानमधील एक संशोधन अवश्य लक्षात घ्यावे. तेथील शेंगा शोषणारा एक ढेकूण आपले उपयुक्त जिवाणू आईकडून नव्हे, तर दर पिढीत जमिनीतून घेतो. ज्या मातीत फेनिट्रोथिऑन वारंवार पडते, तेथे ते कीटकनाशक पचवणारे जिवाणू वाढतात, आणि ते पोटात गेलेल्या ढेकणाला त्या औषधाची बाधा कमी होते, असे २०१२ साली दाखवले गेले. म्हणजे प्रतिकारशक्ती किडीच्या पिढ्यांतूनच यावी लागते असे नाही. एकच औषध पुन्हापुन्हा मारल्यास ती मातीतूनही येऊ शकते.

वाटाण्यावरील माव्यात हॅमिल्टोनेला हा आणखी एक जिवाणू आढळतो. परजीवी गांधीलमाशीने माव्यात अंडे घातले, तर या जिवाणूतील विषाणूच्या विषामुळे तिची अळी मरते. हा जिवाणू सगळ्याच माव्यांत नसल्यामुळे मित्रकीटक पुष्कळदा आपले काम चोख करतात.

पुढच्या हंगामात पेरणी वेळेवर करावी आणि नत्राचा अतिरेक टाळावा. आत्ता आधी शेताच्या कडेची झाडे पाहावीत, कारण प्रादुर्भाव बहुधा तेथूनच सुरू होतो. शेंड्यावर फुगलेले, कागदासारखे कोरडे, तपकिरी मावे दिसले आणि त्यांच्या पाठीला गोल छिद्र असेल, तर त्यातून गांधीलमाशी बाहेर पडलेली आहे असे समजावे. असे मावे बरेच असतील, तर रासायनिक फवारणी थांबवून दोन-तीन दिवसांनी तीच झाडे पुन्हा पाहावीत. ते नगण्य असून मावा वाढतच असेल, तर प्रथम कडेच्या ओळींवर पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा.