साखर स्वस्त विकली म्हणजे आपल्याला संपवायचा डाव का?

तुमचा प्रश्न वाचला. भांडुपला तुमच्या गल्लीच्या तोंडावर मोठं स्टोअर आलं, ते साखर तुमच्या खरेदीभावाच्याही खाली विकतं, मग हा आपल्याला संपवायचाच डाव ना, आणि तक्रार करता येईल का? घाटकोपरला बावीस वर्षं किराणा चालवला, त्यावरून सांगतो: बहुतेक वेळा डाव तो नसतो.

आपला खरेदीभाव म्हणजे त्यांचा खरेदीभाव नव्हे. आपण वाशीच्या मालाच्या चार गोणी मधल्या माणसाकडून उचलतो. ते ट्रकांनी घेतात, वर कंपन्यांचे पैसे लवकर मोकळे करून सूट काढतात. साखर-तेल हे आमिष. गिऱ्हाईक आत शिरलं की कमाई डबे, चादरी, शांपूवर. माझ्यासमोर स्टोअर उघडलं तेव्हा महिनाभर त्यांचे भाव वहीत उतरवले. तीसेक वस्तूंत सहा-सातच खरोखर स्वस्त होत्या, सुटी हळद तर माझीच स्वस्त. पण लोकांना भाव पाठ असतात ते त्याच सहा-सातांचे! (बायको म्हणाली, यापेक्षा उधारीची वही नीट लिहा.)

तक्रारीचं म्हणाल तर २००२ च्या स्पर्धा कायद्याचं कलम ४ आहे. स्पर्धकाला संपवायच्या हेतूने खर्चाच्या खाली विकणं त्यात बसतं. पण खर्च त्यांचा धरतात, तुमचा नाही. शिवाय विकणाऱ्याचं बाजारात वर्चस्व आहे हे आधी ठरावं लागतं. जिओच्या फुकट सेवेविरुद्ध एअरटेल गेली होती; २०१७ मध्ये स्पर्धा आयोगाने (अशा तक्रारी याच सरकारी आयोगाकडे जातात) ती तक्रार इथेच अडवली, कारण जिओ तेव्हा नवखी होती. मुंबईच्या किराण्यात एकट्याचं वर्चस्व कसं दाखवणार? अमेरिकेत कॉनवे गावच्या औषध दुकानदारांनी वॉलमार्टला कोर्टात खेचलं, १९९३ ला जिंकले, आणि १९९५ ला आर्कान्साच्या सर्वोच्च न्यायालयात हरले.

मग असं कोणी करतच नाही? करतात की. डायपर विकणाऱ्या एका कंपनीशी ॲमेझॉन भावात भिडली, २०१० मध्ये तीच कंपनी विकत घेतली आणि २०१७ मध्ये बंद केली. डायपरवर एका महिन्यात २० कोटी डॉलरवर पाणी सोडायची तयारी होती, असं अमेरिकी संसदेच्या समितीपुढे २०२० मध्ये आलं.

आपल्याकडे मला स्टोअरपेक्षा दहा मिनिटांत माल पोचवणाऱ्या ॲपची जास्त धास्ती वाटते. स्टोअरने उद्या भाव चढवले, तर गाळ्याचं शटर वर करायला कोणीतरी भेटतं. गुंतवणूकदारांच्या पैशांवर उभी राहिलेली गोदामं आणि ॲप मात्र तुम्ही-मी कुठून आणणार? वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने २०२४ मध्ये आयोगाकडे गाऱ्हाणं नेलं ते यांचंच.

तोवर साखरेत त्यांच्याशी भिडू नका, मी सहा महिने भिडून हात पोळून घेतलेत. वही मात्र आजच सुरू करा. तारीख, वस्तू, त्यांचा भाव, तुमचा भाव, आणि जमलं तर त्यांचं बिल सोबत टाचून ठेवा.