आझाद व्हिसा खरा असतो, मग काम बेकायदा कसं?

प्रश्न : माझा भाचा दहावी नापास आहे, पण प्लंबिंगचं काम झकास येतं. एक एजंट म्हणतो दीड लाख द्या, सौदीचा आझाद व्हिसा देतो, तिकडे पाहिजे तिथे काम कर. व्हिसा ओरिजिनल आहे म्हणतो. मग लोक बेकायदा का म्हणतात? आणि तसं असेल तर तिथलं सरकार इतकी वर्षं चालू कसं देतं?
– एक मामा, चिपळूण तालुका

उत्तर : मामा, व्हिसा खरा असतो हीच तर त्यातली गोम आहे. त्यावर एका कफीलचं, म्हणजे तिथल्या स्पॉन्सर मालकाचं, नाव असतं आणि कायद्याने त्याच्याकडेच काम करायचं असतं. आझाद व्हिसावाला कफील काम देतच नाही, कागदावर एखादं दुकान दाखवून व्हिसे काढतो नि विकतो, मग भाचा बाहेर काम शोधणार आणि इकामा (तिथे राहायचा परवाना) रिन्यू करायला दरवर्षी त्यालाच पैसे मोजणार. म्हणजे पोरगा विमानातून उतरतो तेव्हा कायदेशीर असतो, आणि दुसऱ्याच्या साईटवर पाना हातात घेतला की बेकायदा.

आता चालू कसं देतात, तर ह्यात सगळ्यांचं भागतं म्हणून. कफीलला बसल्या जागी पैसे. कॉन्ट्रॅक्टरला काम असेल तेवढ्याच दिवसांचा माणूस, ना खोली द्यायची ना इन्शुरन्स, आणि पगार बुडवला तरी पोरगा तक्रारीला जाणार कसा, गेला तर आधी तोच अडकणार, कफीलने हुरूब लावला, म्हणजे कामगार पळून गेला अशी सरकारकडे नोंद केली, की खेळ खलास. ह्या भीतीमुळेच तो स्वस्त पडतो. इकडे एजंट कमावतो, घरी पैसे येतात, देशाला परकीय चलन मिळतं, म्हणून आपल्याकडूनही कोणी फार जोर लावत नाही, ह्याचा मला खरंच राग येतो.

2013 साली सौदीने ठरवलं की कफील सोडून दुसरीकडे काम करणारे चालणार नाहीत, कागद नीट करायला 3 नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली नि मग धाडी घातल्या. लाखाहून जास्त भारतीय परत आले, कित्येकांच्या डोक्यावर व्हिसासाठी काढलेलं कर्ज तसंच होतं. व्हिसे विकले तिथल्यांनी, घर बुडालं इथलं.

आपल्या नियमाने परवानाधारक एजंट 30 हजार आणि वर जीएसटी, एवढीच फी घेऊ शकतो, त्यामुळे दीड लाख हा आकडाच चुकीचा आहे. भाचा दहावी नापास म्हणजे पासपोर्ट ईसीआर प्रकारचा असणार, त्यावर सौदीला कामाला जायला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे आपल्या सरकारची परवानगी, लागते. एजंटकडे परवाना नंबर मागा, आपल्या सरकारच्या ई-मायग्रेट साईटवर तपासा, आणि काम देणाऱ्या कंपनीचं नाव, पगार लिहिलेला करार हातात घ्या. कंपनीचं तिकडे गेल्यावर बघू म्हणाला तर एक रुपयाही देऊ नका, पासपोर्ट त्याच्याकडे असेल तर आजच परत आणा.