स्कूटरच्या रंगकामासाठी कॉम्प्रेसर: कोणता घ्यावा आणि पैसे कुठून काढावेत

सप्रेम नमस्कार.

आपण चिपळूणला नोकरी करून घराच्या तळमजल्यावरील गॅरेजमध्ये जुन्या चेतक आणि प्रिया स्कूटर दुरुस्त करून देता, आणि रंगकामही आता बाहेर न देता घरीच करावे या विचारात आहात. हवा दाबून टाकीत भरणाऱ्या यंत्राची, म्हणजे कॉम्प्रेसरची, आपल्याकडे तीन कोटेशने आली आहेत: २४ लिटर टाकीचा ऑइल-फ्री (पंपात तेल न लागणारा) कॉम्प्रेसर ९,५०० रुपयांना, १०० लिटर टाकीचा २ एचपीचा बेल्टवर चालणारा २४,००० रुपयांना आणि ५ एचपीचा थ्री-फेज ५८,००० रुपयांना. पैसे क्रेडिट कार्डावरील ९ महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ (बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या) हप्त्यांनी द्यावेत, ऑक्टोबरमध्ये पूर्ण होणारी ५०,००० रुपयांची ठेव आताच मोडावी, की अडीअडचणीसाठी बचत खात्यात ठेवलेल्या रकमेतून काढावेत, असे आपण विचारले आहे. यांपैकी १०० लिटरचा, दुसऱ्या कोटेशनमधला कॉम्प्रेसर घ्यावा, तो ऑक्टोबरमध्ये घ्यावा आणि ठेवीच्या पैशांतून घ्यावा, असे माझे मत आहे.

दुकानदार एचपी आणि लिटर सांगतो. रंगकामाला मात्र दर मिनिटाला प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा लागते. ही हवा एफएडी (फ्री एअर डिलिव्हरी) या नावाने, सीएफएममध्ये, म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट अशी मोजतात. पिस्टनच्या आकारमानावरून काढलेला आणि माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा याहून बराच मोठा असतो. प्रत्यक्ष हवा त्याच्या साधारण ६० ते ७५ टक्के मिळते. स्कूटरचे पत्रे लहान असल्यामुळे कमी हवेवर चालणारी स्प्रे गन पुरेल, पण तिलाही ६ सीएफएमच्या आसपास हवा लागेल असे धरू. २४ लिटरच्या टाकीतील दाब ८ बारवरून (बार हे दाबाचे एकक) ४ बारवर येईपर्यंत तिच्यातून ९६ लिटर, म्हणजे सुमारे साडेतीन घनफूट हवा निघते. या लहान यंत्राने ३ सीएफएम हवा भरून काढली, तरी उरलेली तूट ही टाकी मिनिटभरच भागवू शकते. त्यानंतर दाब पडतो, फवारा तुटक होतो आणि पत्र्यावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत थर बसतो. याउलट १०० लिटरच्या टाकीतून तेवढ्याच दाबफरकात सुमारे १४ घनफूट हवा मिळते, आणि २ एचपीचे यंत्र साडेपाच सीएफएम देत असेल, तर तूट अर्ध्या सीएफएमचीच राहत असल्याने एका बैठकीत एक थर आरामात मारून होतो. म्हणून ९,५०० रुपयांचे यंत्र स्वस्त दिसले तरी ते आपल्या कामाचे नाही. चाकात हवा भरणे आणि कार्बोरेटर फुंकून साफ करणे एवढेच काम असते, तर मी तेच सुचवले असते.

टिकाऊपणाचा विचार केला तरी पारडे दुसऱ्याकडेच झुकते. लहान ऑइल-फ्री यंत्रांत बहुधा मोटर आणि पंप थेट जोडलेले असतात, फेरे जास्त असतात, आवाज कर्कश असतो आणि रिंग झिजल्यावर दुरुस्तीपेक्षा नवे यंत्र घेणेच परवडते. बेल्टवरच्या यंत्राचा पंप सावकाश फिरतो, ब्लॉक बिडाचा असतो, आणि रिंग, गॅस्केट, वॉल्व्ह प्लेट बदलून देणारा कारागीर शोधावा लागत नाही. ब्रँड ठरवताना कोइमतूरची एल्गी असो, पुण्याची किर्लोस्कर न्यूमॅटिक असो की एखादी स्थानिक कंपनी, सुटे भाग आपल्याला चिपळुणात किंवा फार तर रत्नागिरीत मिळतील का, एवढेच विचारावे. तिसऱ्या, ५ एचपीच्या यंत्राचा विचार सोडून द्यावा. त्यासाठी थ्री-फेज जोडणी घ्यावी लागेल आणि वर्षाला थोड्याच स्कूटरसाठी तो खर्च भरून निघणार नाही.

आता हिशेब. दुसऱ्या कोटेशनमध्ये ‘जीएसटी वेगळा’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले आहे. १८ टक्क्यांप्रमाणे ४,३२० रुपये वाढून किंमत २८,३२० रुपये होते. आपली जीएसटी नोंदणी नसल्यामुळे हा कर परत मिळणार नाही, तो खर्चातच धरायचा. एकरकमी दिल्यास दुकानदार १,५०० रुपये सोडायला तयार आहे, म्हणजे २६,८२०. यावर गन, होज, पाणी अडवणारा फिल्टर-रेग्युलेटर, वेगळी वायर व एमसीबी (जास्त वीज ओढली गेल्यास आपोआप बंद होणारा स्विच) आणि चांगला मास्क मिळून १०,००० रुपये धरावेत. मास्कवर कृपया काटकसर करू नये. टू-के (दोन घटक मिसळून वापरायच्या) रंगांच्या हार्डनरमध्ये, म्हणजे रंग कडक करणाऱ्या घटकात, आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते, साधा कापडी किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही, आणि वर घर आहे. यंत्रही रंग मारण्याच्या जागेपासून दूर ठेवावे, कारण थिनरच्या वाफांजवळ ठिणगी नको.

एकूण गुंतवणूक अशी ३७,००० रुपयांच्या घरात जाते. बाहेर एका स्कूटरच्या रंगकामाला आपण ७,५०० रुपये देता. पुट्टी, प्रायमर, रंग, थिनर आणि पॉलिश पेपर धरून घरी ३,५०० रुपये लागतील असा आपलाच अंदाज आहे. वाचतात ४,००० रुपये, तेही आपल्या श्रमांची किंमत शून्य धरून. पुढल्या वर्षी सहा स्कूटर होतील असे आपण लिहिले आहे, पण गेल्या वर्षी तीनच झाल्या, म्हणून मी तीनच धरतो. वर्षाला १२,००० रुपये वाचले, तर पैसे वसूल व्हायला तीन वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. सुरुवातीचे एखादे काम बिघडेल, तेही त्यात समजून घ्यावे. विजेचा खर्च यात किरकोळ आहे: २ एचपीचे यंत्र तासाला २ युनिटच्या आत-बाहेर घेते, आणि वर्षाला ६० तास व युनिटमागे १० रुपये धरले तरी १,२०० रुपये होतात. वेळच्या वेळी तेल बदलले, तर असे यंत्र तीन वर्षांहून पुष्कळ अधिक चालते, म्हणून हा व्यवहार मला मान्य आहे. स्कूटर वर्षाला दोनवर आल्या असत्या, तर मी नको म्हटले असते.

‘नो कॉस्ट’ हप्त्यांत गमावलेली १,५०० रुपयांची सूट, प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावर लागणारा जीएसटी हे सारे जमेस धरले, तर ९ महिन्यांच्या या उधारीचा दर वार्षिक १५ टक्क्यांच्या वर जातो. आपल्या ठेवीवर ७ टक्के मिळत असताना ही उधारी कशासाठी? ठेव आज मोडली, तर बँक जितके दिवस पैसे राहिले त्या मुदतीचा दर लावून त्यातूनही दंडाचा टक्का कापेल. तोटा फार मोठा नाही, पण घाईचेही कारण नाही. आता जून आहे. कोकणातल्या पावसात दमट हवेमुळे रंगावर पांढुरकी झाक येते आणि टाकीत पाणी साचते, त्यामुळे आज आणलेले यंत्र दसऱ्यापर्यंत बहुतेक बसूनच राहील. बचत खात्यातील रक्कम तर अजिबात हलवू नये. ती तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढीच आहे आणि त्याहून कमी ठेवणे मला पटत नाही.

चिपळूणकराला पुराबद्दल वेगळे सांगायला नको, पण २२ जुलै २०२१ ला आपल्या गॅरेजमध्ये पाणी आले होते असे आपण लिहिले आहे, म्हणून यंत्र उंच चौथऱ्यावर बसवावे आणि घराच्या विम्यात कामाची यंत्रसामग्री धरली जाते का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. स्कूटर दुरुस्तीचे पैसे घेता, म्हणजे तो व्यवसाय आहे. घरगुती मीटरवर तो किती चालतो आणि कोणता दर लागू होतो, हे महावितरणच्या शाखेत विचारून ठेवावे. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरल्यास दुप्पट दराने आकारणी होते. हे उत्पन्न विवरणपत्रातही दाखवावे. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत (उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांएवढा नफा धरून कर भरण्याच्या सोयीत) ते दाखवल्यास यंत्राचा घसारा, म्हणजे वापराने घटणारी किंमत, वेगळा मागता येत नाही, त्यामुळे ‘कर वाचतो’ या दुकानदाराच्या बोलण्याला आपल्या बाबतीत अर्थ नाही.

सप्टेंबरअखेर दुकानदाराकडून नवे कोटेशन मागवावे. त्यात जीएसटीसह किंमत, ७ बार दाबावरील एफएडी, आणि मोटर व पंप यांची वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्यावी. एफएडी ५ सीएफएमपेक्षा कमी निघाली, तर त्याच किमतीत दुसरे मॉडेल पाहावे.