घरी बांधलेल्या दोन आसनी विमानात हेडसेटचे जॅक आणि चार्जिंगचं सॉकेट कुठे बसवावं?

तुम्ही साताऱ्यात झेनिथ सीएच ७०१ बांधताय, पॅनेल कापायला घेतलंय आणि विचारताय की हेडसेटचे जॅक पॅनेलच्या खालच्या कडेला घेऊन शेजारीच टॅबलेटच्या चार्जिंगचं सॉकेट बसवलं तर चालेल का, म्हणजे सगळ्या वायरी एकाच वाटेने जातील. माझं स्पष्ट मत: असं करू नका. जॅक पाठीमागे घ्या, सॉकेट पुढे ठेवा, आणि दोन्हींच्या वायरी शक्य तितक्या लांबून न्या.

मी सांगलीत साउंड आणि रेडिओची कामं करतो. मिरज रस्त्यावरच्या एका शेडमध्ये मित्राने हेच विमान बांधलं, त्याचं वायरिंग माझ्या हातचं आहे. आम्हीही जॅक आधी पॅनेललाच लावले होते. सेसना १७२ या कारखान्यात बनलेल्या विमानात बहुधा तिथेच असतात, म्हणून तेच बरोबर असं धरून चाललो. पण सेसनाचं योक, म्हणजे विमान वळवायचं हँडल, पॅनेलमधूनच बाहेर येतं आणि मांड्यांच्या मधली जागा मोकळी राहते. ७०१ मध्ये दोघांच्या मधोमध वाय आकाराची एकच स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, उभी असते. इंजिन चालू करायच्याही आधी, शेडमध्येच, मित्राने कंट्रोल तपासायला स्टिक पूर्ण मागे ओढून डावीकडे नेली, तेव्हा शेजारच्या आसनाच्या हेडसेटची वायर तिच्या फाट्यात अडकली. हलक्या हाताने ओढल्यावर सुटली. पण उतरताना झटका बसला असता तर? त्याच संध्याकाळी आम्ही पॅनेलमधले जॅक काढले.

दुसऱ्या वेळी जागा ठरवली ती विमानात बसून. आसनावर पट्टे बांधून बसा, हेडसेट घाला आणि जॅक चिकटपट्टीने एका पुठ्ठ्यावर लावून दुसऱ्या कुणाला तरी हातात धरायला सांगा. स्टिक चारही कोपऱ्यांत न्या, रडरची पेडल दोन्ही बाजूंना पूर्ण दाबा, खाली वाकून इंधनाचा कॉक फिरवा. मग दार उघडा आणि हेडसेट न काढता घाईघाईत बाहेर पडा. हे शेवटचं टाळू नका. आग लागली तर हेडसेट काढायचं भान राहीलच असं नाही, आणि त्या क्षणी प्लग आपोआप सुटून आला पाहिजे. प्लग सरळ ओढला तर सुटतो, आडवा ओढला तर जॅकमध्येच तिरका अडकून बसतो. म्हणून जॅकचं तोंड ज्या दिशेने माणूस बाहेर पडेल तिकडे हवं.

आमचे जॅक शेवटी दोन्ही आसनांच्या मधे, पाठींच्या मागे, खांद्याच्या थोडं खाली आले; तोंड पुढे. बहुतेक हेडसेटची वायर डाव्या कानातून निघते. त्यामुळे उजव्या आसनावरच्याची वायर सरळ मधल्या जॅकपर्यंत जाते आणि डावीकडच्याची मानेमागून फिरून येते. दोन्हीकडे दाराची बाजू मोकळी राहते. उरलेल्या वायरची गुंडाळी आसनामागच्या वेलक्रोच्या पट्टीत बसते. भोक मात्र मूळ सांगाड्याला पाडू नका. ॲल्युमिनियमच्या एल पट्टीचा छोटा ब्रॅकेट करा आणि जॅक त्यात बसवा. दोन जॅकमध्ये बोटभर तरी अंतर ठेवा, कारण प्लगचं मागचं अंग जाड असतं. हेडफोनचा प्लग पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमी, आणि माइकचा थोडा बारीक, ५.२३ मिमी असतो. तरी नावं लिहाच. अंधारात बोटांना फरक कळत नाही.

आता अर्थिंग. साउंडचं काम केलेल्याला गणपतीच्या मंडपातली ती घुंई चांगली ठाऊक असते: मिक्सरला एक अर्थ, ॲम्प्लिफायरला दुसरा, आणि दोन्हींच्या मधून फिरणारा करंट स्पीकरमध्ये ऐकू येतो. पत्र्याच्या विमानातही तेच होतं. जॅकचं धातूचं अंग ब्रॅकेटला टेकलं की माइकचा परतीचा रस्ता विमानाच्या सांगाड्यातून जातो, आणि त्याच सांगाड्यातून जनरेटर, स्ट्रोब (लुकलुकणारे दिवे), पंप यांचाही करंट परतत असतो. म्हणून जॅकला दोन्ही बाजूंनी इन्सुलेटिंग वॉशर घाला. त्यातल्या एकाला उंच कडा असते आणि ती भोकाच्या आत बसते, त्यामुळे भोक नेहमीपेक्षा मोठं लागतं. वॉशर हातात घेऊन मोजा, मगच ड्रिल लावा. वायरच्या शिल्डची जाळी फक्त इंटरकॉमच्या (दोन्ही हेडसेट आणि रेडिओ जोडणाऱ्या डब्याच्या) टोकाला अर्थ करा. जॅकच्या टोकाला ती सांगाड्याला लागू देऊ नका. काम झालं की इंटरकॉमचा कनेक्टर काढून मल्टिमीटरने जॅकचं अंग आणि सांगाडा तपासा. बीप आला तर वॉशर चुकीचा बसलाय.

माइकच्या प्लगचं टोक जॅकमध्ये जिथे टेकतं, त्या पत्तीला रेडिओवर बोलण्याच्या बटणाची वायर येते. ते बटण स्टिकवर घेणार असाल तर स्टिकच्या बुडाशी वायरला सैल वळसा द्या, नाहीतर रोज हलून ती तिथेच तुटेल.

चार्जिंगचं सॉकेट पॅनेलच्या उजव्या टोकाला, टॅबलेटच्या जवळ घ्या, तोंड समोर किंवा किंचित खाली. वर तोंड केलेल्या लायटर सॉकेटात नाणं पडलं की शॉर्ट होतो. वेगळी वायर, बसबारपाशी (जिथून सगळ्यांना वीज वाटली जाते त्या पट्टीपाशी) ५ अँपिअरचा फ्यूज, २२ गेजची टेफझेल (विमानासाठीच्या आवरणाची) वायर आणि हाताशी एक स्विच. गाडीची पीव्हीसी वायर वापरू नका. ती जळली तर तो धूर बंद कॉकपिटमध्ये सहन होत नाही.

स्विच लागतो तो रेडिओसाठी. यूएसबी चार्जरच्या आतलं सर्किट वेगाने चालू-बंद होत असतं आणि स्वस्त चार्जरमधून निघणारा खरखराट थेट ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या विमानांच्या रेडिओ पट्ट्यात पसरतो. एका चार्जरमुळे आमच्या रेडिओचा स्क्वेल्च, म्हणजे कुणी बोलत नसताना खरखर दाबून ठेवणारा भाग, सतत उघडा राहिला होता. तो काढला, दुसरा घेतला. तपासताना इंजिन बंद ठेवा, सॉकेटला अर्धी बॅटरी उतरलेला टॅबलेट लावा आणि तुम्हाला लागणाऱ्या एकेका फ्रिक्वेन्सीवर ऐका. नुसता रिकामा चार्जर तपासून काही कळत नाही.

विजेचा हिशोबही करा. रोटॅक्स ९१२ इंजिन लावणार असाल तर त्याचा आतला जनरेटर पूर्ण फेऱ्यांवर सुमारे २५० वॉट देतो. ६० वॉटचे दोन टाइप-सी सॉकेट घेतलेत तर जवळजवळ अर्धी वीज तिथेच संपली. फोन आणि टॅबलेटला साधं १२ ते २० वॉटचं सॉकेट पुरतं. शिवाय आयपॅडला ३५ अंशांपर्यंतचंच तापमान मानवतं. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी काचेखाली तो चार्जिंगला असला की तापून बंद पडू शकतो. नकाशा कागदावरही ठेवा.

ब्रॅकेटमध्ये जॅकशेजारी एक जास्तीचं भोक आणि इंटरकॉमपर्यंत दोन मोकळ्या वायरी आत्ताच ओढून ठेवा. पुढे विमानातूनच वीज घेणारा सहा पिनांचा हेडसेट घेतलात तर आसनामागची अस्तरं उचकटावी लागणार नाहीत.